दोनदा बघा, जग वाचवा

‘स्नॅचर’ हा कोनामी कंपनीचा विज्ञानकथेवरचा जपानी गेम. १९८८ च्या नोव्हेंबरात तो एनईसीच्या पीसी-८८०१ या संगणकावर आला आणि पुढच्याच महिन्यात एमएसएक्स२ या घरगुती संगणकावर. लेखन आणि दिग्दर्शन हिदेओ कोजिमा यांचे. तेव्हा त्यांचे वय होते पंचवीस. गेममध्ये एकविसाव्या शतकातले महानगर आहे, माणसांना मारून त्यांच्या जागी राहायला येणारे यंत्रमानव आहेत, अर्ध्या जगाचा संहार आहे आणि धडावेगळे झालेले शिर आहे. या सगळ्या धामधुमीत खेळणाऱ्याने काय करायचे? वाचायचे. पडद्यावर एक चित्र असते, त्याखाली मजकूर आणि हुकमांची यादी. यादीतला एक हुकूम निवडायचा, आलेला मजकूर वाचायचा आणि परत यादीकडे यायचे. मानवजात नष्ट व्हायची वेळ आली तरी यादीत नसलेली गोष्ट करता येत नाही. गेमचा आनंद, छळ आणि बराचसा विनोद या एका अटीतून निघतो.

या जातीच्या गेमची जपानमधली वंशावळ मोठी मजेशीर आहे. सुरुवातीच्या मानकऱ्यांत ‘ओमोतेसांदो ॲडव्हेंचर’चे नाव घेतले जाते. १९८२ मध्ये ‘ॲस्की’ या संगणक-मासिकाच्या एप्रिल फूल अंकात तो प्रसिद्ध झाला. कथानक असे की, खेळणाऱ्याने ‘ॲस्की’च्याच कचेरीत चोरून शिरायचे आणि मासिकाचे काम उधळून लावायचे. आपल्याच वाचकांच्या हातून आपल्याच कचेरीवर घातपात करवून घेणारे मासिक जगात दुसरे सापडणे कठीण. हे सारे जपानी माणसांनी जपानी माणसांसाठी, तोक्योतल्या एका पत्त्यावर घडवले होते. पण हुकूम द्यायचे ते मात्र इंग्रजीत. घातपात करण्याआधी स्पेलिंग बरोबर असणे आवश्यक होते.

त्या काळातल्या मजकुरी गेमचा मुख्य शत्रू राक्षसही नव्हता आणि खुनीही नव्हता. तो होता क्रियापद. संगणकाला मोजकेच शब्द समजत आणि ते कोणते हे तो सांगत नसे. समोर दार आहे. ‘ढकल’ म्हटले तर त्याला कळत नाही. ‘उघड’ म्हटले तर कोणते ते विचारतो. दार एकच असते. ‘दार उघड’ म्हटल्यावर ते बंद आहे अशी माहिती देतो, जी खेळणाऱ्याला आधीपासूनच होती. किल्ली खिशात असते, पण ‘लाव’ म्हणायचे की ‘फिरव’ म्हणायचे की ‘वापर’ म्हणायचे, हे ओळखण्यात रविवार जातो. शेवटी दार उघडते तेव्हा आत काय आहे याची उत्सुकता कोणालाच उरलेली नसते.

१९८३ मध्ये युजी होरी यांनी एनिक्स कंपनीसाठी पोर्तोपिया मालिका-खून प्रकरण हा गेम लिहिला आणि या प्रकाराला कोबे शहरात आणून बसवले. शीर्षकातला पोर्तोपिया म्हणजे १९८१ मध्ये कोबेच्या कृत्रिम बेटावर भरलेले मोठे प्रदर्शन. खेळणारा पोलीस अधिकारी. तो स्वतः काही करत नाही, यासु नावाच्या मदतनिसाला हुकूम सोडतो. यासु निमूटपणे जातो, बघतो, विचारतो, परत येऊन सांगतो. तपास करून करून खेळणारा थकतो आणि अखेर कळते की खुनी यासुच आहे. जो माणूस सबंध तपासात हुकमाचा ताबेदार होता, त्याचाच गुन्हा त्याच्याकडूनच शोधून घेतला गेला. खुनी कोण हे जपानमध्ये इतक्या लोकांना ठाऊक झाले की, ज्यांनी गेम कधी पाहिलाही नाही तेसुद्धा यासुचे नाव घेतात.

पुढच्याच वर्षी होरी यांनी होक्काइदो बेटावरच्या खुनांवर दुसरा गेम लिहिला आणि त्यात हुकूम टाइप करण्याऐवजी यादीतून निवडण्याची सोय केली. १९८५ मध्ये पोर्तोपिया निन्तेन्दोच्या फॅमिकॉमवर आला. त्या यंत्राला कीबोर्ड नव्हता, हातात फक्त बाणांची आणि दोन-चार बटणांची पेटी. त्यामुळे तिथेही चौदा हुकमांची यादीच आली. क्रियापद ओळखण्याची शिक्षा माफ झाली. तिच्या जागी सगळी क्रियापदे एकेक करून दाबून पाहण्याची शिक्षा आली. जपानने ही दुसरी शिक्षा आनंदाने पत्करली आणि पुढची कित्येक वर्षे तिच्यावर प्रेम केले. पोर्तोपियाने भारावलेल्या तरुणांमध्ये कोजिमा एक होते. ते १९८६ मध्ये कोनामीत दाखल झाले. त्याच वर्षी कंपनीने आपले मुख्यालय कोबेत हलवले होते. विज्ञानकथा लिहायची वेळ आल्यावर त्यांनी भविष्यातले जे शहर निवडले त्याचे नाव ठेवले निओ कोबे सिटी. कचेरीतून निघून फार लांब जाण्याची गरज त्यांना वाटली नाही.

‘स्नॅचर’मधली यादी तशी साधी आहे. बघा, तपासा, विचारा, जा, दाखवा, असे घरातल्या लहान मुलालाही समजतील असे हुकूम. ‘बघा’ निवडले की खोलीतल्या वस्तूंची पोटयादी उघडते: टेबल, खिडकी, खुर्ची, प्रेत. प्रत्येक वस्तू बघितली की तिचे वर्णन येते. आता खोली संपली असे वाटते. पण कथा पुढे सरकत नाही. खेळणारा पुन्हा सगळी यादी फिरतो. टेबल, खिडकी, खुर्ची, तेच वर्णन, तेच शब्द. तिसऱ्या फेरीत प्रेताकडे दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा बघितल्यावर नायक एकदम दचकून म्हणतो की, हे काय आहे? वस्तू तिथेच होती. प्रकाश तोच होता. डोळेही तेच. पण सरकारी कचेरीत जसा पहिल्या खेपेला गेलेला अर्ज हा अर्जच नसतो, तसे या गेममध्ये पहिल्यांदा बघणे हे बघणेच नसते.

या प्रकारच्या गेमचा हा मूलभूत सिद्धांत आहे आणि त्याची काही उपप्रमेये निघतात. पहिले असे की, समोरच्या माणसाला एकच प्रश्न दोनदा विचारला तर तो दुसऱ्या वेळी वेगळे उत्तर देऊ शकतो. म्हणून प्रत्येक प्रश्न प्रत्येकाला दोनदा विचारावा. दुसरे असे की, सर्वात महत्त्वाची माहिती नेहमी अशा माणसाकडे असते ज्याला सगळे विचारून झाले आहे. तिसरे असे की, कथा अडली तर खेळणाऱ्याची बुद्धी कमी पडली असे समजू नये. कुठल्या तरी खिडकीकडे बघायचे राहिले आहे. हुशार माणूस आणि चिकाटीचा माणूस यांच्यात हा गेम नेहमी दुसऱ्याच्या बाजूने उभा राहतो. हुशार माणसाला खुनी कोण हे पहिल्या अर्ध्या तासात कळलेले असले तरी ते कोणाला सांगण्याचा हुकूम यादीत नसतो.

आता कथा. मूळ जपानी आवृत्तीत ६ जून १९९१ रोजी रशियातल्या चेर्नोटन नावाच्या संशोधन केंद्रातून लुसिफर-अल्फा नावाचे जैविक अस्त्र हवेत पसरते. युरोप-आशिया खंडातली ८० टक्के माणसे मरतात. जगाची लोकसंख्या निम्म्यावर येते. त्यानंतर पन्नास वर्षे उलटून गेल्यावर निओ कोबेत स्नॅचर दिसू लागतात. हे यंत्रमानव माणसाला मारतात, त्याची कातडी, त्याचा चेहरा, त्याची नोकरी आणि त्याचे कुटुंब ताब्यात घेतात. त्यांना घाम येतो, जखम झाली तर रक्तही येते. कोण माणूस आणि कोण स्नॅचर हे शेजाऱ्यालाही कळत नाही. स्नॅचर कुठून आले, त्यांना काय हवे आहे, हे सरकारलाही माहीत नसते.

अशा संकटावर उपाय म्हणून सरकारने जंकर नावाचे एक खास खाते उघडलेले असते. नायक त्या खात्यात रुजू होतो त्या दिवशी मुख्यालयात त्याला भेटतात एक प्रमुख, एक ऑपरेटर तरुणी आणि एक म्हातारा इंजिनिअर. शिवाय बाहेर तपासावर गेलेला जाँ-जॅक गिब्सन नावाचा एक जंकर. जगातल्या उरलेल्या निम्म्या माणसांचे रक्षण करायला एवढी आस्थापना पुरेशी आहे, असा कोणीतरी शेरा मारलेला असणार. पहिल्याच दिवशी गिब्सनचे शिर धडावेगळे झालेले सापडते आणि खात्याची प्रत्यक्ष तपास करणारी निम्मी ताकद संपते. उरलेली निम्मी ताकद म्हणजे नायक, आणि तो नवा असल्यामुळे त्याला अजून खोलीतली खिडकी बघायची असते.

नायकाचे नाव गिलियन सीड. त्याचा स्मृतिभ्रंश झालेला आहे. त्याला स्नॅचर हा शब्द तेवढा आठवतो. तो का आठवतो हे आठवत नाही. त्याची बायको जेमी, हिलाही काही आठवत नाही. आपण नवरा-बायको आहोत हे दोघांनाही इतरांकडून कळलेले असते आणि त्यामुळे दोघे वेगवेगळे राहतात. विज्ञानकथेच्या लेखकांना स्मृतिभ्रंश फार प्रिय असतो आणि त्यामागे वैद्यकापेक्षा सोय जास्त असते. ज्याला काहीच आठवत नाही त्याला सगळे समजावून सांगावे लागते. रोज त्या शहरात राहणाऱ्या माणसाला शहराचा इतिहास सांगणे विचित्र वाटेल. विसरभोळ्याला तो सविस्तर सांगता येतो. खेळणारा आणि नायक दोघेही सारखेच अज्ञानी असल्यामुळे एका व्याख्यानात दोघांचे भागते.

गिलियनच्या सोबत मेटल गियर मार्क २ नावाचा एक छोटा रोबोट असतो. १९८७ मध्ये कोजिमांनी ‘मेटल गियर’ हा गेम केला होता. त्यात मेटल गियर म्हणजे दोन पायांवर चालणारा आणि अण्वस्त्रे डागणारा भयंकर रणगाडा होता. ‘स्नॅचर’च्या जगात त्या रणगाड्याची आठवण ठेवून इंजिनिअर हॅरीने त्याची ही लहान प्रतिकृती बनवलेली आहे. अण्वस्त्रांची जागा कारकुनीने घेतली आहे. हा रोबोट खेळाची नोंद ठेवतो, सापडलेल्या वस्तू तपासतो, व्हिडिओफोन लावून देतो आणि नायकाच्या वागण्यावर टीका करतो. गिलियनला दिसेल त्या स्त्रीशी लगट करण्याची खोड आहे. ऑपरेटर मिकाला कामाचे चार प्रश्न विचारून झाले की यादीत पाचवा प्रश्न उगवतो आणि तो कामाचा नसतो. असा प्रश्न खेळणाऱ्याने निवडला की रोबोट त्याला सुनावतो. म्हणजे प्रश्न लिहिला कोजिमांनी, निवडला खेळणाऱ्याने, विचारला गिलियनने आणि नैतिक अधःपतनाची जबाबदारी मात्र पडद्याबाहेरच्या माणसावर येते.

तपासाची इतर साधनेही भविष्यकाळाला शोभतील अशी आहेत. मुख्यालयात गौडी नावाचा महासंगणक आहे. त्याला कोणाचेही किंवा कशाचेही नाव टाइप करून विचारले की तो माहिती देतो. इथे जुना क्रियापदाचा शत्रू नामाच्या रूपाने परत येतो. नाव अचूक टाइप केले तरच गौडी बोलतो. व्हिडिओफोनवर कोणाशी बोलायचे असेल तर नंबर हाताने फिरवावा लागतो. तो नंबर संभाषणात एकदा येऊन जातो. तेव्हा लिहून घेतला नसेल तर पुन्हा त्या माणसाकडे जाऊन पुन्हा विचारावे लागते. मेंदू असलेले यंत्रमानव ज्या जगात बनवता येतात त्या जगात टेलिफोनची डायरी ठेवण्याची सोय नाही. त्यामुळे १९८८ मधल्या खेळणाऱ्याच्या टेबलावर संगणकाशेजारी वही आणि पेन्सिल असे आणि एकविसाव्या शतकातला गुप्तहेर त्या पेन्सिलीवर अवलंबून असे.

मधूनमधून गोळीबारही करावा लागतो. त्यासाठी पडदा तीन गुणिले तीन अशा नऊ चौकोनांत विभागलेला असतो. शत्रू ज्या चौकोनात दिसेल तो निवडायचा आणि गोळी झाडायची. दोन तास शांतपणे मजकूर वाचून डोळे जड झालेल्या माणसासमोर अचानक हे नऊ चौकोन येतात. खेळणारा ‘तपासा’चे बटण शोधत असताना शत्रू त्याला ठार करतो. गेमच्या रचनाकारांना याची कल्पना असावी, कारण मुख्यालयात नेमबाजीच्या सरावाची खोली ठेवलेली आहे.

या गेममधला सर्वात गाजलेला विनोद आवाजाचा आहे. तपासात एके ठिकाणी मेटल गियरला कसला तरी बारीक आवाज येतो. तो नीट ऐकू यावा म्हणून रोबोट आवाज वाढवायला सांगतो. ही सूचना गिलियनला नसते, खेळणाऱ्याला असते. खऱ्या घरातल्या खऱ्या स्पीकरचे खरे बटण फिरवायचे असते. खेळणारा आज्ञाधारकपणे ते फिरवतो, कान लावतो, आणि पाठोपाठ बॉम्बचा स्फोट होतो. रात्री अकराला घरातले सगळे जागे होतात. पडद्यावर गिलियनचे कान बधिर झालेले असतात आणि रोबोट सांगतो की, आवाज फार वाढवला होता म्हणून असे झाले. सबंध गेममध्ये कथेचा भाग म्हणून पडद्याबाहेरचे एकच काम खेळणाऱ्याला सांगितले जाते आणि त्याची परतफेड अशी होते. पडद्याच्या अलीकडच्या माणसाची चेष्टा करण्याची ही सवय कोजिमांनी पुढच्या गेममध्येही सोडली नाही.

कथेतली उसनवारी लपवण्याचा प्रयत्न कोजिमांनी केलेला नाही. लांब कोट घातलेला शोधाधिकारी आणि निऑन दिव्यांचे ओले शहर १९८२ च्या ‘ब्लेड रनर’ची आठवण देतात. कातडी गेल्यावर उरणारा धातूचा सांगाडा १९८४ च्या ‘द टर्मिनेटर’चा नातेवाईक आहे. माणसाच्या जागी दुसराच कोणी येऊन बसण्याची कल्पना ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मधून आली आणि येताना नावाचा अर्धा भाग घेऊन आली. निओ कोबेतल्या ‘आउटर हेवन’ नावाच्या बारमध्ये तर दुसऱ्यांच्या कलाकृतींमधली पात्रे गिऱ्हाईक म्हणून बसलेली होती. त्या बारचे नावही कोजिमांनी स्वतःच्याच ‘मेटल गियर’मधल्या किल्ल्यावरून घेतले होते. खाण्याच्या बाबतीत मात्र गेम पूर्णपणे मौलिक आहे. गिलियनचा आवडता पदार्थ म्हणजे निओ कोबे पिझ्झा. त्यात पिझ्झा डब्यात ठेवून त्यावर गरम सूप ओततात. अर्ध्या जगाच्या संहारानंतर पाककलेची अशी अवस्था होणे पटण्यासारखे आहे. तरीही गेमच्या चाहत्यांनी तो पदार्थ खऱ्या स्वयंपाकघरात करून पाहिला आहे.

आता गेमच्या रहस्यांकडे. इतक्या वर्षांनी ती सांगायला हरकत नाही. ज्यांना खेळायचाच आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा, कारण गेममध्ये परिच्छेद गाळण्याची सोय फारशी मिळणार नाही. स्नॅचर शोधून मारणाऱ्या खात्याचे प्रमुख कनिंगहॅम हेच स्नॅचर निघतात. यासुच्या गेमवर वाढलेल्या लेखकाकडून याहून वेगळी अपेक्षा करता येत नाही. फरक एवढाच की, होरींनी मदतनीस गुन्हेगार केला आणि कोजिमांनी साहेब. गिलियन आणि जेमी पन्नास वर्षे गोठवलेल्या अवस्थेत होते आणि त्यामुळे तरुण राहिले. मुख्यालयातला म्हातारा इंजिनिअर हॅरी त्यांचा मुलगा आहे. बापापेक्षा मुलगा वयाने कितीतरी मोठा आणि बापाला रोबोट करून देणारा. बापाला मात्र हे माहीत नसते, कारण हा प्रश्न योग्य वेळी यादीत येत नाही.

गेम कसा तयार झाला ही कथाही गेमला साजेशी आहे. कोजिमांनी सहा प्रकरणांची आखणी केली होती. तपशिलांचा हव्यास मोठा आणि फ्लॉपीवरची जागा थोडी. पीसी-८८०१ ची आवृत्ती पाच फ्लॉप्यांवर पसरली आणि मध्येच फ्लॉपी बदला म्हणून सूचना येत राहिली. एमएसएक्स२ ची आवृत्ती तीन फ्लॉप्यांवर बसली, पण तिच्यासोबत संगीतासाठी वेगळे साउंड कार्ट्रिज द्यावे लागले. निर्मितीला नेहमीच्या गेमच्या दुपटीहून जास्त काळ लागला तेव्हा कंपनीचा धीर सुटला. सहा प्रकरणांची दोन झाली आणि दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, रहस्याच्या ऐन तोंडावर, गेम संपला. मासिकातल्या कादंबरीखाली क्रमशः असे छापलेले असते तेव्हा पुढचा अंक महिन्याने येणार हे तरी माहीत असते. इथे विकत घेतलेल्या खोक्यात शेवटच नव्हता.

१९९० मध्ये एमएसएक्स२ वर ‘एसडी स्नॅचर’ आला आणि त्यात कथेला शेवट मिळाला. त्यात यादीच्या जागी लढाया असलेला भूमिकाप्रधान खेळ होता आणि सगळ्या पात्रांची डोकी अंगापेक्षा मोठी, बाहुल्यांसारखी काढली होती. ज्या ग्राहकांनी दोन वर्षे डोके खाजवत काढली त्यांना उत्तर मिळाले, पण ते फुगलेल्या डोक्याच्या नायकाच्या तोंडून ऐकावे लागले. मूळ वळणाची गोष्ट मूळ वळणाने पुरी व्हायला १९९२ चा ऑक्टोबर उजाडला. तेव्हा पीसी इंजिन या खेळयंत्राच्या सीडी-रॉमवर तिसरे प्रकरण आले. फ्लॉपीच्या मानाने सीडीवर जागा अफाट होती आणि पात्रांना आवाजही देता आला. चार वर्षे कोंडलेला मजकूर एकदम मोकळा सुटला. तिसऱ्या प्रकरणात खेळायचे थोडे आणि ऐकायचे फार. खलनायक एलायजा मॉडनर आपली योजना, आपले बालपण, आपल्या बापाचा इतिहास आणि अर्ध्या शतकाचा हिशोब सांगत बसतो. बंदूक रोखलेला नायक समोर उभा राहून शांतपणे शंका विचारतो. पहिल्या दोन प्रकरणांत खेळणारा एकच प्रश्न दोनदा विचारत होता. इथे न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे मिळतात.

१९९४ च्या अखेरीस सेगाच्या सीडी यंत्रासाठी इंग्रजी आवृत्ती आली आणि तेवढीच एक अधिकृत इंग्रजी आवृत्ती राहिली. भाषांतराचे काम जेरेमी ब्लाउस्टाइन यांच्या देखरेखीखाली झाले. एव्हाना १९९१ साल येऊन गेले होते आणि जून महिन्यात रशियात कोणतेही अस्त्र सुटले नव्हते. म्हणून जगबुडी पाच वर्षे पुढे ढकलून १९९६ मध्ये नेण्यात आली आणि २०४२ ची कथा २०४७ मध्ये गेली. जगाचा अंत लांबणीवर टाकण्याचे काम भाषांतराच्या खर्चात झाले. गिब्सनच्या मुलीचे वय चौदाचे अठरा करण्यात आले. मरत असलेल्या एका कुत्र्याच्या आतड्यांची हालचाल थांबवण्यात आली. धडावेगळ्या शिराला मात्र हरकत घेतली गेली नाही. ‘आउटर हेवन’मधली परकी गिऱ्हाइके घालवून त्यांच्या जागी कोनामीची स्वतःची पात्रे बसवण्यात आली, म्हणजे उसनवारी घरातल्या घरात झाली. नऊ चौकोनांवर गोळी झाडण्यासाठी प्लॅस्टिकचे पिस्तूल लावण्याची सोयही मिळाली. वाचनालयात बसून पुस्तक वाचणाऱ्याला अधूनमधून पिस्तूल उचलावे लागण्याचा हा प्रसंग अमेरिकन ग्राहकांना तितकासा रुचला नाही. सेगाचे ते यंत्र शेवटच्या घटका मोजत होते. गेम फारसा खपला नाही. न खपल्यामुळे तो दुर्मीळ झाला आणि दुर्मीळ झाल्यामुळे महाग. आता जुन्या गेमचे संग्राहक त्याच्यासाठी भरपूर पैसे मोजतात आणि खोके उघडत नाहीत.

१९९६ मध्ये प्लेस्टेशन आणि सॅटर्न या यंत्रांवर जपानी आवृत्त्या आल्या. यादीतून हुकूम निवडण्याची पद्धत मात्र पुढे चालूच राहिली. कोजिमांच्याच १९९४ च्या ‘पोलिसनॉट्स’मध्ये ती आहे, २००१ पासून सुरू झालेल्या वकिली गेमच्या मालिकेत ती आहे, आणि जपानी वाचनप्रधान गेममध्ये तिचे वंशज आजही सुखाने नांदतात. त्यांचे पडदे रंगीत झाले, आवाज सुस्पष्ट झाले, फ्लॉप्या गेल्या. दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय सुगावा न लागण्याचा नियम मात्र कोणी बदलला नाही. बदलण्याचे कारणही नाही. बंदुकीच्या गेममध्ये खेळणारा शहरातून धावत जातो आणि शहर त्याच्या लक्षात राहत नाही. ‘स्नॅचर’ खेळलेल्या माणसाला निओ कोबेतली प्रत्येक खिडकी, प्रत्येक खुर्ची आणि सूप ओतलेला पिझ्झासुद्धा आठवतो, कारण त्याला ते सगळे तीन-तीनदा वाचायला लावलेले असते. कंटाळा आणि बारकावा यांच्यातले हे नाते कोजिमांना बरोबर कळले होते, आणि म्हणून या प्रकारातल्या कित्येक गेमची नावे विसरली गेली तरी ‘स्नॅचर’ टिकला.

२०२० मध्ये पीसी इंजिनची छोटी प्रतिकृती बाजारात आली तेव्हा तिच्यात ‘स्नॅचर’चा समावेश होता, पण फक्त जपानी भाषेत. मुळात आखलेल्या सहा प्रकरणांपैकी तीन पूर्ण झाली. उरलेली तीन अजून आलेली नाहीत.